इब्री लोक एका देवाकडे कसे आले

पाठाचा शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय २४

जव्हार व मोखाडा ह्या तालुक्यांतील आमच्या पुष्कळ बंधुभगिनींस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. घरातील एखादे वडील माणूस म्हणते, "आजापणजाने हिरवा मानला, नारणदेव मानला, वाघोबाला नारळ दिला. ते सगळे वेडे होते काय? देव तुलाच तेवढा कळला?" हा प्रश्न कोणी रागाने विचारो वा दुःखाने विचारो, तो पोकळ नाही; आणि ज्याला आपल्या आजाविषयी माया आहे त्याच्या काळजाला तो लागल्यावाचून राहत नाही.

ह्यावर आमच्यापैकी काही जण घाईने असे उत्तर देतात की, इस्राएल लोक पहिल्यापासूनच एका देवाचे होते व बाकीची राष्ट्रे पहिल्यापासून अंधारात होती. हे उत्तर सोपे आहे खरे, पण ते शास्त्राला धरून नाही. इब्री लोकही बहुदेवपूजक घरातूनच निघाले, आणि देव एकच आहे हे त्यांस एका दिवसात नव्हे, तर कित्येक शतकांत, पुष्कळ ठेचा खाऊन कळले. तो मार्ग कसा होता हे ह्या पाठात पाहू.

१. नदीपलीकडचे देव

शखेम येथे यहोशवाने सर्व वंशांस गोळा करून जे भाषण केले, त्याच्या आरंभीच (वचन २) तो त्यांस त्यांच्या कुळाची आठवण देतो. अब्राहामाचा व नाहोराचा बाप तेरह हा फरात नदीपलीकडे राहत होता आणि ते लोक अन्य देवांची सेवा करीत होते. हे कोणा परक्या टीकाकाराचे म्हणणे नव्हे. इस्राएलाचा पुढारी हे आपल्याच लोकांस, भर सभेत, सांगत आहे. पुढे (वचन २३) तो म्हणतो की, तुमच्यामध्ये जे परके देव आहेत ते आता टाकून द्या. म्हणजे मिसर देश सुटला, सीनाय पर्वत मागे पडला, वतनाची भूमी हाती आली, तरी घरातले देव घरातच होते.

उत्पत्तीच्या पुस्तकातही हेच दिसते. राहेल माहेराहून निघताना बापाच्या घरचे देव चोरून आणते व उंटाच्या खोगिरात लपवून त्यावर बसते (अध्याय ३१). त्याच अध्यायाच्या शेवटी लाबान शपथ घालताना अब्राहामाचा देव आणि नाहोराचा देव अशी दोन्ही नावे घेतो. याकोब बेथेलास जाण्यापूर्वी आपल्या मंडळीकडून परके देव व कानांतील कुंडले मागून घेतो आणि शखेमाजवळच्या एका झाडाखाली पुरतो (अध्याय ३५). पुढे दाविदाच्या घरीही माणसाएवढी दिसेल अशी एक मूर्ती होती; मीखलने ती पलंगावर निजवून शौलाच्या जासुदांस फसविले (१ शमुवेल १९).

आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या डोंगरी मुलुखातही देवांचे असेच वाटे पडलेले आहेत. मोरपिसांच्या रूपाने मानला जाणारा हिरवा घरचा, गावदेव गावाचा, कणसरी धान्याची, नारणदेव पावसाचा, आणि रानाच्या वाटेवर, शेंदूर लावलेल्या फळीवर सूर्यचंद्रांसह कोरलेला वाघोबा हा जंगलाचा. बोहाड्याच्या रात्री संबळाच्या तालावर एकामागून एक मुखवटे निघतात, तेव्हा देव किती व कोणकोणते हे लहान मुलालाही समजते. प्राचीन कनान देशातील शेतकऱ्याचे जग ह्याहून फार निराळे नव्हते.

२. एकाची सेवा, आणि एकच देव आहे ही समज

येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. "आम्ही एकाच देवाची सेवा करू" असे म्हणणे ही एक गोष्ट; "त्याच्यावाचून दुसरा देव मुळी नाहीच" असे म्हणणे ही दुसरी. इस्राएल लोक पहिली गोष्ट आधी शिकले.

पहिल्या आज्ञेचे शब्द नीट वाचा. इतर देव नाहीत असे ती तेथे सांगत नाही. माझ्यासमोर तुला इतर देव नसावेत असे बजावते. पतिव्रता स्त्री गावात दुसरे पुरुष नाहीत असे म्हणत नाही. माझा नवरा एकच, एवढेच ती म्हणते. सीनाय पर्वतावरचा करार ह्याच जातीचा होता.

इतर राष्ट्रांचे देव आपापल्या देशात खरोखर सत्ता चालवितात, असे त्या काळच्या पुष्कळ इस्राएल लोकांस वाटत असे. यिफ्ताह अम्मोनी राजास म्हणतो की, तुझा देव कमोश तुला जे देईल ते तू घे, आमचा देव देईल ते आम्ही घेऊ (शास्ते ११). दावीद तक्रार करतो की, मला देशाबाहेर हाकलणे म्हणजे मला परक्या देवांच्या सेवेस लावणे होय (१ शमुवेल २६). कोडापासून बरा झालेला अरामी सरदार नामान इस्राएलाच्या देवाची उपासना करण्यासाठी दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती आपल्या देशी घेऊन जातो (२ राजे ५). कारण देव त्याच्या जमिनीवरच भेटतो अशी त्याची समजूत.

शेजारच्या मवाबातही हाच विचार होता. मवाबाचा राजा मेशा ह्याचा शिलालेख इ. स. १८६८ साली धीबान येथे, सांप्रतच्या जॉर्डन देशात, सापडला. तो ख्रिस्तापूर्वी नवव्या शतकातला आहे. त्यात तो राजा लिहितो की, कमोश आपल्या देशावर कोपला म्हणून इस्राएलाने आम्हांस गांजले, आणि पुढे कमोशानेच आम्हांस सोडविले. यहोवाचे नावही त्या दगडावर कोरलेले आहे. एका देशाचा एक देव, आणि लढाई जिंकेल त्याचा देव मोठा, हा त्या दिवसांचा हिशेब होता.

३. पाऊस कोण देतो ?

रानात मेंढरे राखणाऱ्यास जो देव पुरत होता, तो नांगर धरणाऱ्यास पुरेल काय? कनानात वस्ती केल्यावर इस्राएलापुढे हाच खरा प्रश्न उभा राहिला. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात ह्याचे मर्म आहे. मिसर देशातील शेतास मळ्यासारखे पाणी पाजता येत होते. कनानाची डोंगराळ जमीन मात्र आकाशातून पडेल तेवढेच पाणी पिणारी. ज्यांची नागली, वरई आणि भात मृगाच्या पावसावर अवलंबून आहेत, आणि इतका पाऊस कोसळूनही चैत्र-वैशाखात ज्यांच्या बायका हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात, त्यांस हे समजावून सांगावे लागत नाही.

कनानी शेजारी म्हणत, पाऊस बआलाचा. इ. स. १९२८ साली सिरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे एका शेतकऱ्याच्या नांगराला जुन्या थडग्याचा दगड लागला, आणि पुढील वर्षी तेथे खोदकाम सुरू होऊन उगारित हे पुरातन नगर उघडे झाले. ते नगर ख्रिस्तापूर्वी सुमारे १२०० च्या सुमारास नष्ट झाले होते. तेथील मातीच्या पाट्यांवर कनानी देवांच्या कथा लिहिलेल्या आहेत : वृद्ध पिता एल, त्याची पत्नी अशेरा, आणि मेघांवर स्वार होणारा, गर्जणारा बआल. ज्या देवांची नावे पूर्वी केवळ शास्त्रातून माहीत होती, त्यांच्या भक्तांचेच लेख हाती आले. इस्राएल ह्या नावाच्या शेवटी "एल" आहे हेही ध्यानात घ्यावे. परमेश्वर मोशेस सांगतो की, मी तुझ्या पूर्वजांस सर्वसमर्थ देव ह्या नावाने प्रगट झालो, यहोवा ह्या नावाने नव्हे (निर्गम ६). सर्वसमर्थ म्हणून भाषांतरिलेल्या मूळ इब्री नावात हाच "एल" शब्द आहे.

तेव्हा इस्राएल शेतकऱ्याने काय केले? त्याने यहोवाला सोडले नाही. त्याने वाटणी केली. लढाईस व सणास यहोवा, पेरणीस बआल. एलीयाने कर्मेल डोंगरावर लोकांस हाच दोष दिला की, तुम्ही दोहोंकडे लंगडत चालता (१ राजे १८). तो प्रसंगही तीन वर्षांच्या अवर्षणातला होता. म्हणजे वाद देवळाचा नव्हता, ढगाचा होता. त्यानंतर ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याने आणखी स्पष्ट सांगितले की, धान्य, द्राक्षारस व तेल हे मीच दिले हे ह्या लोकांस कळले नाही. ते बआलाचे उपकार मानीत बसले (अध्याय २). रानात सोडविणारा आणि कणसात दाणा भरणारा एकच, हा इस्राएलाचा पहिला मोठा धडा होय.

हा धडा मुकाट्याने गळी उतरला असे नाही. सीनायच्या ईशान्येस कुंतिल्लत अजरूद येथे इ. स. १९७५-७६ साली जे खोदकाम झाले, त्यात ख्रिस्तापूर्वी सुमारे ८०० च्या मोठ्या रांजणांवर यहोवा व "त्याची अशेरा" ह्यांच्या नावाने दिलेले आशीर्वाद सापडले. अशेरा म्हणजे येथे देवी की पवित्र खांब, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहे. काहीही असले तरी शास्त्र आणि माती ह्यांची साक्ष जुळते; कारण योशीया राजाने ख्रिस्तापूर्वी सुमारे ६२२ साली अशेरा यरुशलेमेतील मंदिरातूनच बाहेर काढून जाळली असे २ राजे, अध्याय २३ सांगतो. अशा शोधांनी भिऊ नये. शास्त्राने आपल्या लोकांचे दोष कधी झाकले नाहीत.

४. दुखणे आले म्हणजे

अहाबाचा पुत्र अहज्या माडीच्या झरोक्यातून पडून अंथरुणास खिळला. आपण बरे होऊ की नाही हे विचारण्यास त्याने एक्रोनच्या देवाकडे माणसे पाठविली. वाटेत एलीयाने त्यांस अडविले : इस्राएलात देव नाही म्हणून तुम्ही तिकडे चाललात काय? (२ राजे १). सुखाच्या दिवसांत अहज्याचा देव कोणता होता हे कोणी विचारले नसते. पलंगावर पडल्यावर तो कोणाकडे माणूस पाठवितो, ह्यावरून ते कळले.

आमच्या पाड्यांतही परीक्षा तेथेच होते. पोर तापाने फणफणते, रात्रीची वेळ, दवाखाना दूर, आणि शेजारी म्हणतात, "देव सोडलेत म्हणून हे झाले, भगताला बोलवा." असेच बोलणे यिर्मयालाही ऐकावे लागले. मिसरात पळून गेलेल्या यहूदी लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्यास उत्तर केले की, आम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळीत होतो तेव्हा पोटभर भाकर होती; ते सोडल्यापासून तलवार आणि दुष्काळ मागे लागला आहे (यिर्मया ४४). यिर्मयाने त्याच संकटाचा अर्थ उलट सांगितला. एकच आपत्ती, आणि तिचे दोन अर्थ! ह्यावरून आम्ही हे शिकतो की, कोणत्या वर्षी पीक आले व कोणत्या वर्षी पोर दगावले, ह्याच्या बेरजेवरून देव ठरविता येत नाही. ईयोबाच्या मित्रांनी तसा हिशेब केला व ते चुकले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा येशूनेही तो हिशेब नाकारला (योहान ९).

दुसरीही एक गोष्ट आहे. ब्याऐंशीव्या स्तोत्रात देव सर्व देवांच्या सभेत उभा राहून न्याय करतो असे चित्र आहे. त्या देवांवर आरोप कोणता? त्यांनी गरिबाचा व अनाथाचा न्याय केला नाही, म्हणून ते माणसांप्रमाणे मरतील. एका देवाची इब्री कल्पना ही नुसती देवांची मोजदाद कमी करणारी नव्हती. जो दुर्बळाची बाजू घेत नाही तो देवच नव्हे, असे ती म्हणत होती. इ. स. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली. तेथे "कोणता देव कोपला?" हा प्रश्न विचारून भागणार नव्हते. मुलाच्या पोटात काय होते, औषध वेळेवर का पोहोचले नाही, मजुरी कोणी बुडविली, हे आमोस किंवा यशया ह्यांनी विचारले असते. म्हणून आजारी मुलासाठी प्रार्थना करावी, आणि त्याच घटकेस त्याला दवाखान्यात न्यावे. ह्यात अविश्वास नाही. औषधी मुळीही त्याच देवाची आहे.

५. पराभवातून उगवलेली समज

शोमरोन ख्रिस्तापूर्वी ७२२ साली पडले; यरुशलेम ५८६ साली. मंदिर जळाले, राजाचे डोळे फोडले, लोक बाबेलास नेले. जुन्या हिशेबाने आता एकच उत्तर होते : बाबेलचा देव जिंकला, यहोवा हरला. मवाबाचा कमोश आज कोण पुजतो? राज्याबरोबर तोही गेला. मिसरात ख्रिस्तापूर्वी चौदाव्या शतकात अखनातोन राजाने सूर्यबिंबाखेरीज इतर देवांची पूजा मोडण्याचा हुकूम काढला होता. पण राजा मेल्यावर ते मतही लवकरच लयास गेले. योशीयाच्या सुधारणेचेही बरेचसे तसेच झाले. तो पडल्यावर लोक जुन्या वाटेस लागले. राजाज्ञेने देव एक होत नाही.

परंतु बाबेलात, राजा नाही, मंदिर नाही, भूमी नाही, अशा वेळी जे व्हावयास नको ते घडले. यशयाच्या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढे, जो भाग पुष्कळ विद्वान ह्याच बंदिवासाच्या काळातला मानतात, तेथे प्रथमच इतक्या उघडपणे घोषणा होते की, परमेश्वरावाचून दुसरा देव नाहीच. त्याने आपल्या लोकांस शिक्षा केली. तो हरला नाही. परका राजा कोरेश हाही त्याच्याच हाती आहे. कोरेशाने ख्रिस्तापूर्वी ५३९ साली बाबेल घेतले.

शेहेचाळिसाव्या अध्यायातील चित्र आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. बेल व नबो ह्या बाबेलच्या दैवतांच्या मूर्ती थकलेल्या जनावरांवर लादल्या आहेत. भक्तांनाच आपले देव वाहून न्यावे लागत आहेत. उलट इस्राएलाचा देव आपल्या लोकांस गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहतो. आम्ही ज्यास वाहतो तो, की जो आम्हांस वाहतो तो? देव कोण हे ओळखण्याची ही खूण संदेष्ट्याने दिली.

ह्यानंतरही सर्वांस एकदम उजाडले नाही. मिसरातील एलिफंटाइन बेटावर यहूदी शिपायांची वस्ती व त्यांचे स्वतःचे मंदिर होते. तेथील ख्रिस्तापूर्वी सुमारे ४०० सालच्या वर्गणीच्या यादीत यहोवाबरोबर अनातबेथेल व अशिमबेथेल ह्या नावांनीही चांदी जमा केलेली आढळते. एवढी मोठी शिकवण एका पिढीत सर्वांच्या हाडी उतरत नाही.

६. आमच्या कोकणातील इस्राएल

ह्या इतिहासाचे एक टोक आमच्या दाराशी आहे. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचली. हाती ग्रंथ राहिले नाहीत. पण परमेश्वर एकच आहे हे सांगणारी "शमा" ही प्रार्थना त्यांच्या तोंडी राहिली. ते घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणू लागले. दावीद रहाबी नावाच्या यहूदी गृहस्थाने त्यांची परीक्षा घेण्यास मासळी रांधावयास दिली, तेव्हा बायकांनी खवले व पर नसलेली मासळी बाजूस काढली, अशी कथा ते सांगतात. इ. स. १७९६ साली शमुवेल इझिकेल दिवेकर ह्यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले. ठाण्यातील सभास्थान १८७९ सालचे आहे.

ह्या लोकांनी मराठी भाषा सोडली नाही. पोशाख व हळद-मेंदी शेजाऱ्यांसारखीच ठेवली. एका देवावरचा विश्वास त्यांनी चुलीपाशी आणि घाण्यापाशी टिकविला. ज्यांस वाटते की एका देवाकडे वळणे म्हणजे आपली बोली, आपले गाणे, आपले माणूसपण टाकणे, त्यांनी हे उदाहरण पाहावे.

७. मंडळ्यांस व उपदेशकांस

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. "आमचे वाडवडील वेडे होते काय?" नव्हते. तेरह वेडा नव्हता; तो अब्राहामाचा बाप होता, आणि शास्त्राने त्याचे नाव पुसले नाही. पाऊस, धान्य, रान व रोग ह्यांपुढे माणूस लहान आहे हे आमच्या पूर्वजांनी ओळखले, आणि ते खरेच आहे. इब्री लोकांस जे पुढे कळले ते इतकेच की, ह्या सर्वांचा धनी एक आहे, आणि तो न्यायी आहे. असे उत्तर देणाऱ्यास आपल्या आजाचा अपमान करावा लागत नाही.

उपदेशकांनी शेजाऱ्याच्या देवस्थानाविषयी तोंडून वाईट शब्द काढू नये. गिदोनाने वेदी मोडली ती आपल्याच बापाच्या घरची. इफिसातील नगराच्या चिटणिसाने पौलाच्या सोबत्यांविषयी अशी साक्ष दिली की, ह्यांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९). आमच्याविषयीही शेजाऱ्यांस असेच म्हणता यावे. आणि जो बंधू रविवारी मंडळीत येऊन, मूल आजारी पडताच रात्री भगताकडे गेला, त्यास लगेच झिडकारू नये. ज्या लोकांस इतकी शतके लागली, त्यांच्या देवाने त्यांस इतकी शतके सोसले. त्या घरी जाऊन बसावे, पोराच्या उशाशी जागावे, आणि सकाळी त्यास दवाखान्यात पोहोचवावे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता, प्रभूने देव एक आहे हे सांगून त्याच श्वासात शेजाऱ्यावरील प्रीती सांगितली (मार्क १२). ती दोन वेगळी केली म्हणजे पहिलीही हातची जाते.

विचारासाठी प्रश्न

१. यहोशवाने लोकांस त्यांच्या पूर्वजांच्या देवांची आठवण का दिली? ती लपविली असती तर काय बिघडले असते?

२. पेरणी, दुखणे व लग्न ह्यांपैकी कोणत्या वेळी आमच्या घरात देवांची वाटणी होते?

३. यिर्मया ४४ मधील स्त्रियांस तुम्ही काय उत्तर द्याल? ते उत्तर तुमच्या शेजारणीस सांगता येईल असे आहे काय?

४. यशया ४६ मधील खूण लावून पाहता, आम्ही कशाकशाचे ओझे देव म्हणून वाहत आहोत?